प्रकल्प नोंदी : महाल ते मोमिनपुरा, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

२ एप्रिल २०२५

इतवारीतल्या एका कापड दुकानाच्या माडीवर पहिली बैठक. नागपुरात १७ मार्चच्या दंगलीनंतर लागलेली संचारबंदी पूर्ण उठून दहा दिवस झाले. रविवारी पाडवा आणि सोमवारी ईद, दोन्ही नीट पार पडले, त्यामुळे खोलीत थोडा सैलपणा होता. त्यातूनच पहिला प्रस्ताव आला: एकता रॅली काढू, चौकाचौकांत फ्लेक्स लावू. डिझाइनही तयार होतं. चार धर्मांची चिन्हं गोलात, मधोमध हातात हात, खाली वर्गणीदारांचे फोटो.

मी फ्लेक्सला नाही म्हटलं. मंडळाचे भाऊ नाराज. "ताई, पोरांनी पैसे जमवून ठेवले न. आता काहून नाही?"

कारण सांगितलं ते इथे लिहून ठेवते, पुढे हाच वाद पुन्हा होणार आहे. १७ मार्चला महालात दुपारी आंदोलन झालं, औरंगजेबाच्या कबरीची प्रतिकृती जाळली गेली. काही तासांत 'जाळलेल्या चादरीवर कुराणाची आयत होती' असं फोनवरून फिरायला लागलं. ती अफवा असल्याचं पोलिसांनी सांगितलं, पण ते सांगणं गल्लीपर्यंत पोचायच्या आत चिटणीस पार्ककडे दगड पडले आणि रात्री हंसापुरीत गाड्या जळल्या. मधल्या त्या तासांमध्ये हंसापुरीतल्या माणसाला "खरं काय?" म्हणून विचारायला मोमिनपुऱ्यातला एक नंबर नव्हता, मोमिनपुऱ्यातल्या माणसाला महालातला नव्हता. फ्लेक्स तर शहरात तेव्हाही भरपूर होते.

अफवेबद्दल ऑलपोर्ट आणि पोस्टमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये एक सूत्र मांडलं होतं. विषय माणसाला किती महत्त्वाचा आणि माहिती किती धूसर, या दोहोंचा गुणाकार म्हणजे अफवेचा जोर. बेरीज नव्हे, गुणाकार. एक आकडा शून्यावर आणला की दुसरा कितीही मोठा असो, उत्तर शून्यच. धर्माचं महत्त्व कमी करणं आपल्या हातात नाही आणि ते आपलं कामही नाही. धूसरपणा मात्र कमी करता येतो. प्रकल्प एवढाच.

ठरलं: फ्लेक्स नाही, रॅली नाही. गल्लीनिहाय फोन नंबरांची यादी, सणांचं एक सामायिक वेळापत्रक आणि अफवांची वही. नाव ठेवायचं नाही, लोगो नाही. भाऊ शेवटी म्हणाले, "मग लोकाले कळन कसं की आपण काही केलं?" हा प्रश्न राहिला.

५ एप्रिल

उद्या रामनवमी. पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा १९६७ पासून निघते, लाखांनी लोक रस्त्यावर असतात. वाटेत मुस्लिम मंडळी फुलं उधळून, पाणी-सरबत देऊन स्वागत करतात, ही नागपूरच्या पेपरांची ठरलेली बातमी. यंदा त्या फोटोला वजन आहे, म्हणून सकाळपासून दोन बातमीदारांचे फोन: "स्वागत कुठल्या चौकात आहे, किती वाजता?" त्यांची चूक नाही, फोटोग्राफरला उभं कुठे करायचं हे त्यांना ठरवायचं असतं.

संध्याकाळी मोमिनपुऱ्यात चाचांकडे. वयस्क माणूस, मशिदीच्या कमिटीचे सदर. मी फुलांबद्दल विचारलं तर म्हणाले, "फूल तो हो जाएंगे बेटा. जुलूस इधर कितने बजे आएगा, वो बताओ. मगरिब साढ़े छह के आसपास है, लोग उसी वक्त बाहर निकलते हैं."

हे मी शोभायात्रेच्या स्वयंसेवकांना कळवलं. त्यांच्याकडे झांक्यांच्या क्रमाची यादी होती, चौकागणिक अंदाजे वेळ कुणीच लिहिली नव्हती. अर्ध्या तासात लिहून दिली. नमाजच्या सुमारास मशिदीच्या तोंडाशी डीजेची गाडी थांबवायची नाही, चालती ठेवायची, हे तिथल्या पोरांनीच सुचवलं. त्यांना यात काही मोठं वाटलं नाही. आजवर कोणी वेळ सांगितली नव्हती, एवढंच.

७ एप्रिल

पार पडलं. पेपरांत फुलांचा फोटो आला आहे, छान आला आहे.

१० एप्रिल

दोन पानं छापली, वेगवेगळ्या वस्त्यांसाठी.

एक पान ज्यांच्या गाड्या जळल्या त्यांच्यासाठी. पंचनाम्याची प्रत मागून घ्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळणार नाही, पॅकेज पॉलिसीत दंगलीतलं नुकसान धरतात. आरसी जळाली असेल तर आधी ठाण्यात नोंद. दुसरं पान ज्यांच्या घरातली पोरं अटकेत आहेत त्यांच्यासाठी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, ऑफिस जिल्हा न्यायालयात, कोणती कागदं न्यायची.

दुसऱ्या पानावरून गटात मोठा वाद. "दगड मारणाऱ्याईले वकील?" दोषी कोण हे कोर्ट ठरवेल, आणि आई-बापांना माहिती देणं म्हणजे दगडाची बाजू घेणं नव्हे. वाद तासभर चालला, दोघे निघून गेले, त्यातला एक परत आला. मला वाटतं या सहा महिन्यांतलं सगळ्यात महत्त्वाचं छापील काम हीच दोन पानं ठरतील. ज्या माणसाला त्याच्या अडचणीत कोणी खरी माहिती दिली, त्याचाच फोन तो पुढच्या वेळी उचलतो. जनसंपर्कात विश्वास वगैरे म्हणतात तो इथे साठतो.

१६ एप्रिल

परवा आंबेडकर जयंती झाली. आज पाचपावलीकडच्या एका विहारातल्या ताईंनी स्पष्टच सुनावलं. "तुमची एकता नेहमी दोघांचीच असते. आम्ही कुठं बसायचं, प्रेक्षकात?"

बरोबर आहे. दीक्षाभूमीच्या शहरात, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंसह धम्म स्वीकारला, सलोख्याची प्रत्येक बैठक हिंदू-मुसलमान अशी दोन रकान्यांत मांडली जाते. आमची यादीही तशीच निघाली. आज नव्याने मांडली: मोमिनपुरा-हंसापुरीचे मोमीन, गोळीबार चौकाकडचे हलबा-कोष्टी, इतवारीतले जैन आणि बोहरा व्यापारी, उत्तर नागपुरातले बौद्ध, जरीपटक्याचे सिंधी, सदरमधली ख्रिस्ती कुटुंबं आणि त्यांच्या शाळा, कामठी रोडकडचे शीख. प्रत्येकाची भीती वेगळी. सिंधी दुकानदाराला बंदची भीती, ख्रिस्ती शाळेला प्रार्थनासभेवरून होणाऱ्या आरोपाची, ताईंना मिरवणुकीवरच्या शेऱ्यांची. एकच संदेश सगळ्यांना पाठवला तर तो कोणाचाच राहत नाही.

मोमीन आणि कोष्टी, दोघंही विणकर. मागावर पिढ्या गेल्या, सूत कोणत्या व्यापाऱ्याकडे स्वस्त आणि कोण उधारी देत नाही हे दोघांना सारखंच ठाऊक. हातमाग उठला, पॉवरलूमही बऱ्याच ठिकाणी बंद पडले, तशा या ओळखीही पुढच्या पिढीत विरल्या. म्हाताऱ्यांच्या मोबाइलमध्ये मात्र एकमेकांचे नंबर अजून आहेत. यादीची सुरुवात तिथूनच करायची.

२१ एप्रिल

राष्ट्रीय जनसंपर्क दिन. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला बोलावलं होतं. ग्रुनिग आणि हंट यांनी १९८४ मध्ये सांगितलेली चार प्रारूपं फळ्यावर लिहिली: गाजावाजा, एकतर्फी माहिती, लोकांचं ऐकून त्यांना आपल्याकडे वळवणं, आणि ऐकून स्वतःही बदलणं. एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, शांततेचा पीआर म्हणजे पोलिसांचा आणि पुढाऱ्यांचा पीआर नाही का? दंगलीनंतर सगळेच चकाचक दिसायला बघतात."

सरळ प्रश्न होता. उत्तर दिलं की आमच्या यादीतून ठाण्याकडे किती तक्रारी जातात आणि त्यावर काही होतं का, यावरून ओळख. माहिती फक्त वरून खाली येत असेल तर तुझं म्हणणं खरं आहे. ती समाधानी दिसली नाही. तिला गटात घ्यायचं.

९ मे

वहीची पद्धत ठरली. विहाराच्या हॉलमध्ये सगळे गल्लीप्रमुख. आज जे ठरलं ते सविस्तर लिहिते, हाच प्रकल्पाचा कणा आहे.

अफवा आली की आधी ती पुढे पाठवायची नाही, खोडून काढण्यासाठीसुद्धा नाही. 'ही खोटी बातमी आहे' अशा लाल शिक्क्यासकट पाठवलेला मेसेजही मूळ वाक्य आणखी शंभर लोकांना वाचायला लावतो, आणि पुन्हा पुन्हा कानावर पडलेलं वाक्य माणसाला खरं वाटायला लागतं. हे १९७७ पासूनच्या प्रयोगांमध्ये दिसलेलं आहे. म्हणून आधी जे खरं ते, ठिकाण आणि वेळेसकट. अफवेचा उल्लेख करावाच लागला तर मध्ये, एका ओळीत. शेवटी पुन्हा खरं.

त्या जागी उभं राहून पाहिलेला माणूस हवा. 'विश्वसनीय सूत्रं' नकोत. चौकातला पानठेलेवाला चालेल, आशाताई चालतील, दूधवाला सगळ्यात चांगला, तो पहाटे सगळ्या गल्ल्यांमधून फिरलेला असतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांना पटायला वेळ लागला. हिंदू वस्तीत फिरणारी अफवा हिंदू माणसानेच खोडायची, मुस्लिम वस्तीतली मुस्लिम माणसाने. आपल्या इच्छेला हे उलट वाटतं. चाचांनी कॅमेऱ्यासमोर येऊन 'आमच्या पोरांनी काही केलं नाही' म्हणावं असं अनेकांना वाटत होतं. पण ते महालात कोण मानेल? महालातल्या मंडळाचा भाऊ 'मी जाऊन पाहून आलो' म्हणाला तर मानतील. चाचांचं काम भाऊंना जागेवर नेऊन दाखवण्याचं.

व्हॉट्सअॅपबद्दल जास्त बोलावं लागलं नाही. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येतं ही मर्यादा २०१८ पासून आहे, तरी अफवा थांबल्या नाहीत. त्या आता आवाजात येतात. व्हॉइस नोटला ओळखीचा सूर असतो, मावशीचा वाटतो, मित्राचा वाटतो. आपलं उत्तरही मग आवाजातच हवं, आणि छापील भाषेत नको. एका वकील सदस्याने भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ समजावलं: दोन समूहांत वैर वाढवणारा मजकूर पसरवणं गुन्हा आहे, पूर्वीचं १५३-अ. ग्रुप अॅडमिन लोकांचे चेहरे थोडे उतरले.

चहाच्या वेळी एका निवृत्त गुरुजींनी शहराच्या इतिहासाची पुस्तिका काढू म्हणून आग्रह धरला. शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह, त्याने स्वीकारलेला इस्लाम, मग भोसले, एकमेकांत मिसळलेलं सगळं. ऐकायला गोड आहे आणि खरंही आहे. पण बख्त बुलंद म्हटलं की त्याला ते नाव देणारा औरंगजेब येतो, आणि यंदा त्या नावावरून काय झालं ते पाहिलं. इतिहास शाळेत शिकवावा, मोहिमेत वापरू नये, असं माझं मत. गुरुजी रुसले.

५ जून

बकरी ईद परवा. दर वर्षी तक्रार एकच: कचरा. आणि दर वर्षी तिचा फोटो निघतो, फोटो ग्रुपवर जातो, ग्रुपवरून दुसऱ्या वस्तीत जातो आणि तिथे त्याला धर्म चिकटतो. झोन कार्यालयातून गाडी कोणत्या गल्लीत किती वाजता येणार हे घेतलं. मोमिनपुऱ्यात आणि शेजारच्या वस्त्यांमध्येही एकच पान वाटलं, एकाच मजकुराचं. शेजारच्या वस्तीला वाटणं मुद्दाम. कचरा दिसला तर फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी कोणाला फोन करायचा, तो नंबर मोठ्या अक्षरात.

भाऊ म्हणाले, "याच्यात धर्म कुठं आला?" आला नाही तेच तर हवं आहे.

भिवंडीचं उदाहरण आज सांगितलं. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे मोठ्या दंगली झाल्या होत्या. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं, सोबत त्या भागाचा पोलीस. बैठकीत बोलणं काय, तर नळाचं, गटाराचं, भांडणांचं. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. समित्यांनी सलोख्यावर व्याख्यानं दिली म्हणून नव्हे. माणसं एकमेकांना आडनावाने आणि घराने ओळखत होती.

६ जुलै

आषाढी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी. सकाळी धापेवाड्याच्या, आमच्या विदर्भाच्या पंढरपूरच्या, बसेस भरून जात होत्या आणि संध्याकाळी शहरात ताजिये. पेपरांना हा योगायोग फार आवडला. आम्हाला काही करावं लागलं नाही. वहीत नोंद नाही.

२३ जुलै

ताजबागचा उर्स. बाबा ताजुद्दीन १७ ऑगस्ट १९२५ ला गेले. इंग्रजी तारखेने यंदा शंभर वर्षं, हिजरीने १०३. त्याच १९२५ च्या दसऱ्याला याच शहरात संघाची स्थापना झाली. दोन्ही शताब्द्या एकाच वर्षात आल्यामुळे बातमीदारांना काहीतरी मोठं लिहायची खुमखुमी आहे.

एका वार्ताहराला 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचं प्रतीक' असा लेख हवा होता. मी त्याला दुसरं सुचवलं. सक्करदऱ्याचा रघुजीराजे भोसल्यांचा वाडा आठवा. १९०८ मध्ये राजांनी बाबांना वेड्यांच्या इस्पितळातून सोडवून आपल्या घरी आणलं. त्यामागे कुणी ऐक्याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. राजाला हा माणूस पूज्य वाटला, बस. आजही उर्सला येणाऱ्या अर्ध्या बायका नवस बोलायला येतात आणि त्यांना प्रतीक व्हायचं नसतं. फुलं-चादरी विकणाऱ्यांशी बोल, लांबून येऊन दोन रात्री मैदानात राहणाऱ्यांशी बोल. प्रतीक म्हटलं की वाचक पान उलटतो.

त्याने लिहिलं. डेस्कने मथळा 'ऐक्याचं प्रतीक' असाच दिला. मी स्वतः डेस्कवर नोकरी केली आहे, रात्री साडेअकराला दुसरं काही सुचत नाही.

१८ ऑगस्ट

मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीची, तयारी. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दोन्ही निघतात, नेहरू पुतळ्याजवळ भेटतात, आणि मागून बडगे, म्हणजे टीका-टोमण्यांसाठी केलेले पुतळे. बडग्यांच्या गळ्यातल्या पाट्या हे नागपूरचं सगळ्यात जुनं जनमाध्यम आहे असं मी मानते. महागाई, खड्डे, पुढारी, भ्रष्टाचार, कोणी सुटत नाही. यंदा एका मंडळाच्या बडग्यावर एका समाजाची टोपी असेल अशी कुणकुण लागली.

बंदी घाला म्हणून ठाण्यात अर्ज देणं सोपं होतं. ठाणेदारांनी बडगा उतरवला असता आणि त्याचीच बातमी झाली असती. भाऊ स्वतः त्या मंडळात जाऊन बसले, रात्री उशिरापर्यंत. काय बोलले ते मला पूर्ण सांगितलं नाही. एवढं कळलं की कारागीर पोरगा म्हणाला, "बडगा त्याचा करा ज्याची भीती वाटते. आपल्याले भीती कोणाची? हप्तेवाल्याची." आता बडगा कर्जवसुलीवाल्याचा होतो आहे, हातात मोबाइल, कानाला चिकटलेला. मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी चांगला.

२४ ऑगस्ट

काल बडगा गाजला. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडत पोरं त्याच्याभोवती नाचली. दोन वाहिन्यांनी दाखवला.

४ सप्टेंबर

उद्या ईद-ए-मिलाद, परवा अनंत चतुर्दशी. मुंबईत सरकारने ईदची सुट्टी ८ तारखेला नेली, इथे ५ लाच. शांतता समितीची बैठक झाली, नेहमीची: व्यासपीठ, हार, मार्गदर्शन. दोन्ही बाजूंचे तेच ते लोक, पहिल्या रांगेत. ती बैठक निरुपयोगी नाही, पण तिथे बसलेल्यांच्या गल्लीत कधी काही होत नाही.

आमचं पान मात्र लोक मागून नेताहेत. दोन्ही मिरवणुकांचे मार्ग, चौकांच्या वेळा, बंद रस्ते, रुग्णवाहिकेला मोकळा ठेवलेला रस्ता, पाण्याची ठिकाणं, कृत्रिम विसर्जन टाकी कुठे. रात्री दहानंतर भोंग्याचा नियम काय आणि सवलत कोणत्या दिवशी आहे तेही. एकाच कागदावर दोन्ही सण. एकतेचं एक वाक्य त्यावर नाही. मेयो हॉस्पिटलच्या बाजूच्या एका औषध दुकानदाराने आपणहून काउंटरवर गठ्ठा ठेवला, कारण गिऱ्हाईक त्याला रस्ता विचारून भंडावत होतं.

६ सप्टेंबर, रात्री

वेळा वहीतून.

७.४०. हंसापुरीकडच्या एका ग्रुपवर व्हॉइस नोट: मंडळाची कमान फाडली, गणपती निघायच्या आत. कोणी फाडली ते सांगितलं नव्हतं, सूर मात्र सगळं सांगत होता.

७.४४. चाचांनी भाऊंना फोन केला. थेट. आम्हाला कोणालाही न विचारता. हे मला नंतर कळलं.

७.५०. दोघे कमानीखाली. कापड खरंच फाटलेलं. पाण्याचा टँकर गल्लीत वळताना टपाला अडकलं होतं, ड्रायव्हर पुढच्या वळणावर चहा पीत उभा. घाबरलेला.

८.०५. मी मसुदा पाठवला, चार ओळी, नीट बांधलेल्या. तो कोणी वापरला नाही. मंडळाच्या एका पोराने टँकरसमोर उभं राहून व्हिडिओ काढला: "हे पाहा बाप्पा, हा टँकर, हे कापड, हा आपला ड्रायव्हरभाऊ. याले उंची समजली नाही. कमान पुन्हा लागून राहिली आहे, साडेआठले बाप्पा निघते, या." मागे चाचांचा नातू शिडी धरून उभा दिसतो. ते ठरवून नव्हतं, त्याच्याकडे शिडी होती.

८.१२ ला हा व्हिडिओ मूळ ग्रुपवर. ८.२० ला एका बातमीदाराचा मला फोन: "दोन गटांत तणाव आहे म्हणतात?" मी चौक, वेळ, टँकर सांगितलं आणि व्हिडिओ पाठवला. तो हसला. बातमी आली नाही.

मिरवणूक ८.५० ला निघाली. नागपुरी वेळेप्रमाणे वेळेवर.

२ ऑक्टोबर

दसरा, गांधी जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि संघाची शताब्दी एका तारखेला. रेशीमबागेत एक गर्दी, दीक्षाभूमीवर दुसरी, दोन्हींमध्ये फार अंतर नाही. आमच्या गटातली काही माणसं इकडे, काही तिकडे. ताई चार दिवस दीक्षाभूमीवर भोजनदानात आहेत, भाऊ सकाळी गणवेशात होते. कोणी कोणाला समजावायला गेलं नाही. सामायिक काम एकच: बाहेरगावच्या बसेस कुठे लागतात आणि रिक्षा कुठपर्यंत येते याचं पान. ऑरेंज सिटी स्ट्रीटकडून पायी येणाऱ्यांना ते उपयोगी पडलं असं स्वयंसेवक सांगत होते.

११ ऑक्टोबर

छपाईचा खर्च उचलणाऱ्या ट्रस्टला अहवाल हवा आहे. त्यांनी तक्ता पाठवला: किती बातम्या, किती कॉलम सेंटिमीटर, तेवढ्या जागेच्या जाहिरातीची किंमत किती. हा हिशोब या क्षेत्रात २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांनीच, म्हणजे जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या तत्त्वांनीच, बाद ठरवला आहे, पण तक्ते मरत नाहीत. आमच्या सगळ्यात चांगल्या कामाची बातमीच आली नाही, तिचे किती कॉलम धरायचे?

मी दुसरे रकाने दिले. अफवा वहीत आल्यापासून पहिलं खरं उत्तर जायला लागलेला वेळ: मे महिन्यात तासांत मोजत होतो, आता बऱ्याचदा मिनिटांत. ठाण्याकडे गेलेल्या तक्रारी आणि त्यातल्या किती निघाल्या: हा रकाना वाईट आहे, अर्ध्याहून जास्त पडून आहेत, तसंच लिहिलं. पत्रकारितेतल्या त्या मुलीने हा रकाना भरला आणि एकही ओळ मऊ केली नाही. आणि तिसरा: आम्हाला मध्ये न घेता दोन गल्ल्यांनी एकमेकांना किती वेळा फोन केला. याचा आकडा आम्हाला पूर्ण मिळूच शकत नाही. ट्रस्टच्या साहेबांनी विचारलं, मग रकाना कशाला? मी म्हटलं, तो भरत जाईल तसा आमचा खर्च कमी होत जाईल, म्हणून. हे त्यांना लगेच कळलं.

भाऊंचा एप्रिलमधला प्रश्न अजून तसाच आहे, लोकांना कळणार कसं. परवा त्यांनी पुन्हा विचारला, पण हसत. फ्लेक्सच्या वर्गणीतून शेवटी एक उंच शिडी घेतली, मंडळात ठेवली आहे.

१९ ऑक्टोबर

पुढचं वेळापत्रक काढायला बसलो. २०२६ मध्येही होळी रमजानातच येते, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. पाडवा आणि ईद पुन्हा एक-दोन दिवसांच्या अंतराने. मग लगेच रामनवमी. म्हणजे याच वर्षाचा क्रम, थोडा अलीकडे सरकलेला. शांतता समितीची बैठक ऐन सणाच्या तोंडावर होईल, आपली जानेवारीत हवी. यादीतले बंद पडलेले नंबर त्याआधी बदलायचे. दूधवाल्याने सिम बदललं आहे. जरीपटका आणि सदरमधून अजून एकेकच माणूस आहे, तिथे निदान दोन-दोन हवेत. हॉलसाठी ताईंना विचारलं. शनिवारी वंदनेचा वर्ग असतो, रविवारी दुपारी चारनंतर मोकळा आहे म्हणाल्या. चाचांना चार चालतं, भाऊंना पाच. साडेचार लिहिलं आहे.